तोंडावर बोट

कारकुनानं ते वाक्य दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खालच्या रस्त्यावरून कल्हईवाला ओरडत चालला होता, म्हणून चिटणीसांना नीट ऐकू आलं नसेल असं समजून त्यानं घसा खाकरला आणि तेच पुन्हा, जरा सावकाश वाचलं. "मुख्याध्यापिकांचा शाळेवर वचक नाही." लीलाबाई समोरच्या लाकडी खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही वेळा तिनं ते ऐकलं, आणि दुसऱ्या वेळी तिला हसू येऊ लागलं. हसण्यासारखं काही नव्हतं. मुळशी तालुक्यातल्या माल्याच्या शाळेची ती चार वर्षं मुख्याध्यापिका होती, तिच्या कामावरचा तपासणीचा शेरा पुण्यात संस्थेच्या कचेरीत तिच्याच तोंडावर वाचला जात होता, आणि तो ऐकून शहाण्या माणसानं मान खाली घालायची असते. पण कारकून पुढे वाचत होता. "मुख्याध्यापिका व्हरांड्यातून जात असता एकाही वर्गातील आवाज थांबला नाही. उलट इयत्ता सहावीतील एका विद्यार्थिनीने त्यांना हाक मारून खिडकीशी बोलावले. त्या गेल्या." हे 'त्या गेल्या' ऐकल्यावर मात्र तिला ओठ आवळून धरावे लागले. तपासणीला आलेल्या साहेबांनी एवढ्या दोन शब्दांत केवढा गुन्हा मांडला होता. मुलीनं बोलावलं आणि बाई गेल्या. सहावीतल्या त्या मुलीला खिडकीतून दिसणाऱ्या पक्ष्याचं नाव हवं होतं, ते बाईंना आलं नाही, मग दोघींनी मिळून वर्गाला विचारलं आणि वर्गानं तीन वेगवेगळी नावं सांगितली. साहेब त्या वेळी मागच्या खांबाशी उभे राहून वहीत काहीतरी टिपत होते. ते पक्ष्याचं नाव टिपत असतील, असं तिला वाटलं होतं.

संस्थेचे चिटणीस हैबतराव मूळचे मुळशीकडचेच. भातशेती गावाकडे, बिऱ्हाड पुण्यात, आणि बोलणं दोन्हीकडचं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कारकुनाला बाहेर पाठवलं आणि मगच तोंड उघडलं. "लीलाबाई, मी काय तुम्हाला पुस्तकातलं सांगत न्हाई. बैलजोडी किती का गुणाची असंना, कासरा हातात लागतोच." "कासरा आहे की, रावसाहेब. ओढावा लागत नाही एवढंच." "तो वरच्यांना दिसत न्हाई, तितंच घोडं अडलंय." मग त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ होती. यापुढे शाळेवर वचक ठेवला जाईल. खाली तिचं नाव आणि सहीला जागा. त्यांची बाकीची मागणीही फार नव्हती. सोमवारी सकाळी ते स्वतः कमिटीच्या दोघांना घेऊन माल्याला येणार. टोल पडून वर्ग भरले की बाईंनी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालत जायचं. शाळा गप्प झाली पाहिजे. बास. झाली, तर तो कागद आणि त्यांचा अभिप्राय वर जाईल आणि प्रकरण मिटेल. नाही झाली, तर पुढच्या सोमवारपासून लष्करातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुख्याध्यापक म्हणून येतील आणि लीलाबाई पुन्हा सहायक शिक्षिका. "चालायचं आणि गप्प करायचं," हैबतराव म्हणाले, "एवढं तर आमच्या येळचा शिपाईबी करायचा." तिनं कागद घडी करून पिशवीत टाकला. सही करते असं म्हणाली नाही, करत नाही असंही म्हणाली नाही, आणि जिना उतरताना त्याचाच तिला राग आला. सदतीस वर्षांची बाई, बी.ए., बी.टी., आणि अजून वेळेला मूग गिळून बसण्याची सवय जात नाही.

एस.टी. कोथरूडची शेतं मागे टाकून भूगावच्या चढाला लागली तरी तो शब्द काही तिच्या कानातून निघेना. वचक. शाळेत भाषा शिकवणाऱ्या माणसाचं हे एक दुखणंच असतं, शब्द हाती आला की तो उलटापालटा करून पाहिल्याशिवाय सोडवत नाही. वचक असतो, वचक ठेवतात, वचक बसवतात. बसवतात कुठे? खुर्चीत नाही, जमिनीवर नाही. तो बसतो दुसऱ्याच्या मानगुटीवर, भूत बसतं तसा. आणि मजा अशी, की ज्याचा वचक असतो त्याला तो कधी जाणवत नाही. त्याला शांतताच ऐकू येते, आणि तिला तो शिस्त म्हणतो. शेजारी बसलेली म्हातारी मांडीवरच्या टोपलीतल्या कोंबडीला दाबून धरत होती. कोंबडी ओरडू लागली की म्हातारी तिच्या डोक्यावर पदर टाकायची, की गप्प. कंडक्टर म्हणाला, "शानी हाय कोंबडी." लीलाबाईनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. डिसेंबरचं कोरडं ऊन पडलं होतं, खाचरांत भाताचे खुंट राहिले होते आणि एका खाचरात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरांच्या कडेला तांबडं मुंडासं बांधून एक धनगर उभा होता. तो बिरू नव्हता. बिरूला जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी अशा प्रत्येक मुंडाशाकडे ती एकदा निरखून पाही आणि मग नजर वळवी.

याच शाळेत ती बाविसाव्या वर्षी नोकरीला लागली तेव्हा शाळा नुसती चार खोल्यांची होती, हायस्कूल वगैरे पुढचं. हेडमास्तर होते भिवाजीराव. नावातच 'भिवा' असलेला माणूस, पोरं पाठीमागे म्हणायची, भिवा, जी, भिवा. त्यांच्या वहाणा करकरत. ती करकर ओढ्यापलीकडून ऐकू आली की चारही खोल्यांतला आवाज दिव्याची वात खाली करावी तसा उतरत जायचा, आणि ते फाटकात शिरेपर्यंत शाळेत फक्त पत्र्यावरचे कावळे बोलत. कधी हात उगारला नाही त्यांनी. त्याची गरजच पडली नाही. तालुक्यात त्यांचं नाव होतं. वरचे साहेब आले की मुद्दाम बांधावर थांबून ती शांतता ऐकत आणि शेरेबुकात लिहीत, हेडमास्तरांचा शाळेवर उत्तम वचक आहे. तरण्या लीलाबाईला त्या शेऱ्याचा हेवा वाटायचा. हे आज आठवताना तिला लाज वाटली, पण खोटं कशाला बोला, वाटायचा. वहाणा करकरल्या की तिचंही वाक्य मध्येच तुटायचं. आपण काय बोलत होतो हे ती विसरून जायची, आणि तरी तिला वाटायचं, एक दिवस आपल्याही पावलांना असा आवाज येईल. माणूस ज्याला भितो त्याच्यासारखंच व्हायची स्वप्नं बघतो, ही गोष्ट तिला ट्रेनिंग कॉलेजात कुणी शिकवली नाही.

ती मुख्याध्यापिका झाली त्या पहिल्या दिवशी ते स्वप्न खरं झालं. ती व्हरांड्यातून निघाली आणि जुन्या सवयीनं शाळा खोलीमागून खोली गप्प होत गेली. तिच्या साध्या चपलांना कसलाही आवाज नव्हता, तरी झाली. खुर्चीच चालत निघाली होती जणू. चौथ्या खोलीशी तिचे पाय थांबले, आणि आत जाऊन तिनं विचारलं, "कुणाला काही चावलं का?" पोरं एकमेकांकडे बघत राहिली. बाईंना येड लागलं, असं त्या दिवशी गावभर झालं. पण तिनं सोडलं नाही. ज्या वर्गात सामसूम दिसली त्या वर्गात ती जायची आणि तेच विचारायची. पहिल्यांदा पोरं घाबरली, मग गालातल्या गालात हसू लागली, मग एक जण म्हणालं, न्हाई बाई, पर माजी पाटी फुटलीया. दुसरी म्हणाली, बाई, वाल्मीक सरांनी सांगितलेलं आमाला कायबी कळलं न्हाई. वाल्मीक सर, गणित शिकवणारे, नुकतेच लागलेले, कानापर्यंत लाल झाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच गणित पुन्हा पहिल्यापासून शिकवलं, आणि महिन्याभरानं स्वतःच तिच्या खोलीत येऊन म्हणाले, "बाई, मलाही एक चावतंय. सांगू?" त्यानंतर तिनं तिच्या खोलीचं दार काढून घेतलं आणि त्या फळ्यांचा एक बाक करून बाहेर टाकला. शनिवारच्या शिक्षकांच्या बैठकीत आधी सगळ्यांत नवा माणूस बोलेल आणि ती सगळ्यांत शेवटी, असं ठरवून टाकलं, कारण हेडमास्तर आधी बोलला की बाकीचे फक्त माना हलवतात, हे तिनं अकरा वर्षं मान हलवून पाहिलं होतं. शाळा बडबडी झाली. कलकलाट नव्हे, बडबड. हा फरक पुण्याच्या साहेबाला अर्ध्या दिवसात कळावा अशी अपेक्षा करणंही चूकच. मुलं चढाओढीनं प्रश्न विचारत, चुकत, भांडत, आणि आता गावातसुद्धा कुणी तोंड पाडून बसला की बायका म्हणत, काय रं, काय चावलं का? पण बाई हे का विचारतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. निदान लीलाबाई तसं समजत होती.

रविवारी ती शाळेत गेली. घरी बसवेना. पिशवीतला कागद तिनं आदल्या दिवसापासून चारदा उघडून पाहिला होता, आणि दर वेळी ती एकच ओळ तिला जास्त निरुपद्रवी वाटत चालली होती. सही करायला काय जातं? शब्दच तर आहे. पाचवीच्या खोलीत बायजा जमीन सारवत होती. बायजा शाळेची शिपाई. टोल तीच देई, पाणी तीच भरी, आणि आल्या-गेल्या पाहुण्याला कुठे बसवायचं आणि कुठे नाही हेही तीच ठरवी. लीलाबाईनं मुख्याध्यापिका झाल्यावर पहिल्याच वर्षी तिला धनगरवाड्यावरून शोधून आणून ही नोकरी दिली होती. लोकांना वाटलं, बाईंनी गरिबाच्या पोरीवर उपकार केले. बायजाच्या उजव्या हाताला अंगठ्याजवळची दोन बोटं नव्हती. उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात हातोडी धरून ती रुळाच्या तुकड्यावर टोल द्यायची, आणि तो टोल धरणाच्या पाण्यापलीकडच्या वाड्यांपर्यंत जायचा. आत्ताही त्याच हातानं ती शेणाचे अर्धगोल काढत भिंतीकडे सरकत होती. लीलाबाई उंबऱ्यावर बसली. समोरचा तो कोपरा, ती भिंत आणि भिंतीच्या बुडाशी असलेली ती दगडांमधली फट. फट कधीच बुजवली होती, वरून दोनदा चुना झाला होता, तरी तिला ती दिसायची.

त्या दिवशी भिवाजीराव याच खोलीत आले होते. वर्ग तिचा, पण ते आले की वर्ग त्यांचा व्हायचा. एकोणतिसाचा पाढा म्हणून घ्यायला आले आणि दाराशी उभे राहिले, आणि ती फळ्याजवळ अंग चोरून उभी राहिली. हाताची घडी, तोंडावर बोट, ही त्यांची आज्ञा, त्यांनी द्यायचीही गरज नसे. ज्याला विचारतील त्यानंच बोट काढायचं. नऊ वर्षांची बायजा भिंतीकडच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती आणि तिनं एक हात खाली जमिनीला टेकला होता, हे लीलाबाईला नंतर आठवलं. तिला दिसलं ते एवढंच, की पोरीनं एकदम हात वर ओढला, तिचं तोंड उघडलं, आणि डोळे हेडमास्तरांकडे न जाता सरळ तिच्याकडे, बाईंकडे आले. त्या डोळ्यांत काय होतं ते न कळण्याइतकी लीलाबाई आंधळी नव्हती. पण पाढा चालू होता, दाराशी वहाणा होत्या, आणि आपल्या वर्गातली पोर मध्येच ओरडली तर आपल्याबद्दल काय लिहिलं जाईल, हा विचार तिच्या मनात आला. विचार कसला, तेवढाही वेळ गेला नाही. तिचा हात आपोआप वर गेला आणि तिनं बायजाकडे बघत स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. पोरीनं तोंड मिटलं. घडी घातली, बोट ओठांवर ठेवलं, आणि भिवाजीराव पाव तास आणखी उभे होते तोवर हूं की चूं केलं नाही. ते गेले तेव्हा ती कुशीवर कलंडली. फुरसं त्या फटीतच होतं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जीव वाचला, दोन बोटं गेली. बायजाचा बाप, बिरू, मेंढरं सोडून शाळेत आला होता. ओरडला नाही तो. मुंडासं काढून हातात घेतलं आणि भिवाजीरावांना म्हणाला, "मास्तर, मेंढरू बी मुकंच असतंया. पर पाय दुखला तर लंगडून दावतं. तुमच्या साळंत लंगडायला बी बंदी हाय व्हय?" भिवाजीराव म्हणाले, पोरीनं सांगायला हवं होतं. आणि लीलाबाई तिथे शेजारी उभी होती. तिला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते तिनं पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

"सही केली का न्हाई बाई?" बायजानं हात न थांबवता विचारलं. तिला कागदाचं कुणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. शाळेत आणि गावात सगळ्यांना माहीत होतं. "नाही केली." "करा मग. तुमी गेला तर त्यो मिल्ट्रीवाला यील. त्यो काय बाक टाकून बसायचा न्हाई. त्याच्यापरीस कागुद बरा. कागदाला काय कळतंय?" हे खरं होतं, आणि लीलाबाईला सगळ्यात जास्त तेच सलत होतं. आपण ताठ्यानं नाही म्हणायचं, टाळ्या आपल्या आपण वाजवून घ्यायच्या, आणि मग तोंड दाबून बुक्क्यांचा मार कुणाला? या पोरांना. खुर्चीवर राहून चार चांगल्या गोष्टी करायच्या, तर एक खोटं वाक्य लिहायला काय हरकत आहे? भिवाजीरावही कदाचित असंच एकेक वाक्य लिहीत गेले असतील. बायजाचा हात भिंतीपाशी पोचला, आणि जे विचारायचं नव्हतं ते लीलाबाईच्या तोंडून निघून गेलं. "बायजा, त्या दिवशी तू ओरडली का नाहीस गं?"

बायजानं शेणाचा हात परातीत बुडवला. तिला कुठला दिवस ते विचारावं लागलं नाही. "तुमी बोट ठिवलं व्हतं न्हवं." ती अगदी साधेपणानं म्हणाली, जसं आज वार कुठला हे सांगावं. मग थांबून म्हणाली, "मला वाटलं, बाईला ठावं हाय. मला चावलंय ते ठावं हाय, आन् तरीबी गप ऱ्हायाचं आसंल. साळंत तसंच आसंल, म्हनलं." लीलाबाईला रडू आलं नाही. रडण्याचा अधिकार आपला नाही, हे तिला फार वर्षांपासून ठाऊक होतं. "माझं चुकलं, बायजा," ती म्हणाली. हे ते वाक्य. निघायला पंधरा वर्षं लागली आणि बोलायला एक क्षणही नाही. बायजा म्हणाली, "ते मला ठावं हाय. तुमी समद्यांस्नी इचारत हिंडताय, तवाच कळलं. पाय उचला, तितलं सारवायचंय."

सोमवारी जीप आली तेव्हा ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या खांबापर्यंत आलं होतं. हैबतराव उतरले, बरोबर कमिटीचे दोघे. बाकावर बसायला बायजानं सतरंजी टाकली होती, पण ते बसले नाहीत. टोल पडला, वर्ग भरले, आणि नेहमीसारखी बडबड सुरू झाली. हैबतरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, तिनं कागद आणलाय का हे विचारण्यासारखं. कागद पिशवीत होता, सही न केलेला. रात्रभर तिनं स्वतःला एकच गोष्ट बजावली होती: आपण नुसतं चालायचं, शाळा बोलते तशी बोलू द्यायची, आणि जे होईल ते होऊ द्यायचं. मनातून ती हलकी झाली होती. साहेबानं खरंच लिहिलं होतं, वचक नाही, आणि त्या 'नाही'चा तिला आता चक्क अभिमान वाटत होता. ती चालू लागली. पहिली खोली गप्प झाली.

तिला वाटलं, योगायोग. दुसरी खोली गप्प झाली. तिसरीशी ती पोचायच्या आतच आतला आवाज बसला, आणि मग पाठीमागे, पुढे, सगळीकडे, शाळा अशी चिडीचूप झाली की पत्र्यावरचा कावळा पाय बदलताना ऐकू आला. व्हरांड्याच्या टोकाशी हैबतरावांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. तिनं खिडकीतून आत पाहिलं. सहावीचा वर्ग होता. चाळीस मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली होती, आणि बोटांच्या मागे चाळीस तोंडं हसू दाबत होती. पक्ष्याचं नाव विचारणारी मुलगी पहिल्या रांगेत होती. ती लीलाबाईकडे बघून डोळ्यांनी म्हणत होती, बघा बाई, कसं जमलंय. फळ्याजवळ वाल्मीक सर उभे होते. त्यांनी नजर चुकवली आणि लीलाबाईला सगळं उमगलं. यांनी रविवारी घरोघर फिरून पोरांना पढवलं होतं. बाईंना वाचवायचंय, बाई येतील तेव्हा आळीमिळी गुपचिळी. सगळी शाळा तिच्या प्रेमापोटी तिला भिण्याचं सोंग करत होती. असं प्रेम माणसाला जन्मात एकदा मिळतं, आणि ते तिला नको त्या रूपात मिळालं होतं. आणखी तीन खोल्या चालायच्या, मग झालं. खुर्ची राहील, बाक राहील, शनिवारची बैठक राहील. कुणाचं काही वाईट होणार नाही. पोरं हे विसरूनही जातील.

पण पोरं काहीच विसरत नाहीत, हे तिला काल शेणाच्या परातीपाशी बसून कळलं होतं. हे ती आज शिकून जातील: ज्याच्यावर माया असते त्याच्यासाठी गप्प बसायचं असतं. पुढच्या वेळी पाढा चालू असेल, दाराशी कुणी उभं असेल, आणि यांतलीच एखादी डोळ्यांनी सांगेल आणि तोंड मिटेल. तिनं मान वर केली. व्हरांड्याच्या शेवटच्या खांबाशी, रुळाच्या तुकड्याखाली, बायजा उभी होती. सगळ्यांबरोबर ठरलं तसं तिनंही उजवा हात तोंडावर नेला होता. आपण काय करतोय हे तिच्याही लक्षात नसावं. जिथे बोट यायला हवं होतं तिथे काही नव्हतं, आणि त्या मोकळ्या जागेतून तिचे ओठ दिसत होते, घट्ट मिटलेले.

लीलाबाई जागच्या जागी थांबली. भिवाजीरावांचा आवाज कधी चढला नव्हता, तिचाही फारसा चढत नसे. पण त्या क्षणी तो सगळ्या खोल्यांत गेला आणि फाटकाबाहेरच्या जीपपर्यंत गेला. "कुणाला काही चावलं का?"

क्षणभर काहीच झालं नाही. मुलांच्या चेहऱ्यांवर गोंधळ होता, कारण हे ठरलेल्यात नव्हतं. वाल्मीक सर हातातल्या खडूकडे बघत राहिले. मग सहावीच्या पहिल्या रांगेत एक बोट ओठांवरून खाली आलं. "न्हाई बाई," ती मुलगी म्हणाली, आणि जरा विचार करून, "पर हे असं बसून लई हात दुखत्यात." मागून कुणीतरी फिदकन हसलं. मग पाचवी हसली, मग सातवी, आणि हसू पत्र्याखालून घरंगळत सगळ्या खोल्यांत गेलं. त्याच्यामागे नेहमीची बडबड आली, थोडी जास्तच, आतापर्यंत कोंडलेली. बायजानं हात खाली घेतला. तिनं रागानं मान हलवली, आणि मग ती राग विसरून हसलीही.

हैबतराव जवळ आले. त्यांचा आवाज दुखावलेला होता, रागावलेला नव्हता. "लीलाबाई, हे काय केलंत? झालं होतं की समदं." "झालं होतं, रावसाहेब. म्हणूनच." "आता मला काय करता येणार न्हाई." "तुम्ही काही करू नका. मला दोन ओळी लिहायच्यात, तेवढं थांबा." खोलीला दार नव्हतंच. ती आत गेली, कपाटातून शेरेबुक काढलं आणि साहेबांच्या शेऱ्याखाली, जिथे मुख्याध्यापकानं कधी काही लिहायचं नसतं, तिथे उभ्याउभ्याच लिहिलं. आज वर्ग भरल्यानंतर शाळा सुमारे दोन मिनिटे गप्प होती. हे माझ्यासाठी केले गेले. कारण विचारले असता शाळा पुन्हा बोलू लागली. कोणासही काही चावलेले नाही. पंधरा वर्षांपूर्वी याच शाळेत एका मुलीला फुरसे चावले असता ती गप्प राहिली, कारण मी तिला गप्प राहण्याची खूण केली होती. त्या दिवशी शाळेवर उत्तम वचक होता. खाली तिनं पूर्ण नाव लिहिलं, आणि हुद्दा लिहिला, मुख्याध्यापिका, कारण तो अजून आठवडाभर तिचाच होता.

हैबतरावांनी ते वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि त्यांची नजर दाराबाहेर, खांबाशी टेकलेल्या बायजाच्या हाताकडे गेली. "पुढच्या सोमवारी ते गृहस्थ येतील," ते शेवटी म्हणाले. "कडक माणूस हाय. व्हरांड्यातनं चालला की..." "चालू दे," लीलाबाई म्हणाली. "शाळा गप्प झाली तर पोरंच त्यांना विचारतील, काय चावलं म्हणून. आता ते बंद करणं तुमच्या हातात नाही आणि माझ्याही नाही." तिनं पिशवीतला बिनसहीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, आणि जीपकडे जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. बायजानं दुसऱ्या तासाचा टोल दिला. तास पाचवीवर होता आणि लीलाबाईचा होता. खडू घेऊन ती निघाली, आणि सगळ्या खोल्यांवरून चालत गेली, तरी कुणाचाही आवाज थांबला नाही.